परतीचा चढ

थंडीची लाट आली त्या आठवड्यात गाडीनं धाकटीला पहिल्यांदा धाक दाखवला.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यानं विजेवरची गाडी काठोकाठ भरायची नसते, हे तिला आता पाठ झालं होतं. खाली उतरताना चाकांतून जी वीज परत मिळते, तिला बॅटरीत जागा लागते. म्हणून सकाळी थोडी जागा शिल्लक ठेवूनच ती प्लग काढायची. पण त्या मंगळवारी गारठलेली बॅटरी ती वीज घेईनाच. अर्धा घाट उतरून झाला तरी पडद्यावरचा आकडा वर सरकायचं नाव घेत नव्हता.

"काय म्हणतेय?" शेजारच्या सीटवरून सासऱ्यांनी विचारलं.

"थंडी वाजतेय म्हणते."

"मग तिचं नि माझं जमणार." बाबांनी ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "पुढच्या वळणाला पाय आत्ताच उचल. ब्रेक नको. तिची तिला थांबू दे."

बाबांनी आयुष्यभर याच घाटात बस चालवली होती. डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. डिझेलचा धूर आणि इंजिनाची घरघर नसेल तर गाडीला गाडी म्हणायला ते पहिले काही महिने तयारच नव्हते. पण मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा खाली शहरात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायची पाळी आली, आणि एवढ्या फेऱ्या मारायच्या म्हटल्यावर धाकटीच्या या मुक्या गाडीशी त्यांनी हळूहळू तह केला. कुठल्या उतारावर किती वीज कमावता येते आणि कुठल्या चढाला कसा वेग धरला तर ती कमी जळते, हे त्यांनीच तिला शेजारी बसून शिकवलं होतं.

गाडी घेताना मात्र घरात एकही माणूस तिच्या बाजूचा नव्हता. नवरा बोगद्याच्या कामावर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. तो फोनवर एवढंच म्हणाला की तुला झेपत असेल तर बघ. धाकटी घरातल्या मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायची. खालच्या शहरातले दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, ती तयार कवळ्या पोचवायची. त्या कमाईतून तिनं कोणीतरी वापरून विकलेली ही गाडी घेतली. टायर लवकर झिजतात, इन्शुरन्स जास्त पडतो, आणि बॅटरी गेली तर अर्ध्या गाडीची किंमत, हे सगळं तिला नणंदेनं आधीच ऐकवलं होतं आणि त्यातलं काहीही खोटं निघालं नव्हतं. तरी धाकटीला पस्तावा झाला नाही. जुन्या पेट्रोलच्या गाडीच्या दिवसांत एकदा महिनाअखेरीला तिनं बाबांच्या डॉक्टरांना दबकत विचारलं होतं की त्यांना आठवड्यातून तीनऐवजी दोनदा आणलं तर चालेल का. डॉक्टर नुसते तिच्याकडे बघत राहिले. ही गाडी आल्यापासून तो प्रश्न पुन्हा विचारायची वेळ आली नव्हती. घरच्या मीटरवर गाडी भरायला जे पडायचं ते इतकं थोडं होतं, की रात्री गाडीला प्लग लावताना ती मनोमन कुणाचे तरी आभार मानायची. कुणाचे ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाबांना मशीनवर सोडून ती नेहमीसारखी हॉस्पिटलमागच्या बाजारतळावर गेली. तिथला चार्जर घरापेक्षा तिप्पट महाग होता, पण परतीचा चढ चढायला तिथली थोडी वीज पुरायची. आज तळाला पत्रे ठोकलेले होते. आत जेसीबी चालला होता.

"पाइपलाइन फुटलीय," पत्र्याच्या फटीतून एक कामगार म्हणाला. "आठवडाभर तरी बंद."

दुसरा चार्जर शहराच्या पार त्या टोकाला. तिथं पोचेपर्यंत आणखी वीज गेली. पाहते तर पुढं टॅक्सींची रांग, आणि प्रत्येक टॅक्सीवाला आपल्या गाडीत तोंडावर टोपी ओढून झोपलेला. धाकटीनं पडद्याकडे पाहिलं. उरलेल्या विजेत सपाट रस्त्यावरून ती घरापर्यंत गेली असती. चढ चढून नाही. आणि परतीला हीटर लागणार होता. डायलिसिस झालं की बाबांना हुडहुडी भरायची. सकाळी खाली येताना ती हीटर लावत नसे, नुसती त्यांची सीट गरम करायची, तिला वीज कमी लागते म्हणून. वर जाताना ती काटकसर चालणार नव्हती.

तिनं नणंदेला फोन लावला. नणंद याच शहरात रोपवाटिका चालवायची.

"वन्सं, तुमच्याकडे गाडी लावायला प्लग मिळेल का कुठं?"

"माझ्याकडे? मी चौथ्या मजल्यावर राहते, आणि रोपवाटिकेत पंपाला धड वीज मिळत नाही. थोरल्या वहिनीकडे जा ना. हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर घर आहे. तळमजला, पोर्च, सगळं आहे."

धाकटीनं पुढच्या टॅक्सी पुन्हा एकदा मोजल्या.

"मी बोलू का तिच्याशी?"

"नको. मीच बघते."

बघते म्हणाली खरी, पण थोरलीच्या दारात ती सासूबाई गेल्यापासून उभी राहिली नव्हती. दहाव्या-बाराव्या दिवशी सगळे बसलेले असताना थोरली जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ती बाबांना सांभाळतेय ती काही फुकट नाही. घरावर डोळा आहे." थोरली शाळेची मुख्याध्यापिका. तिचा आवाज खोलीच्या कोपऱ्यातल्या माणसालाही स्वच्छ ऐकू जायचा, आणि त्या दिवशीही तो तसाच सगळ्यांना ऐकू गेला. त्यानंतर भाऊ-भाऊ फोनवर बोलायचे, थोरले दीर, म्हणजे दादा, हॉस्पिटलात येऊन बाबांना भेटून जायचे, पण जावाजावांचं येणं-जाणं तिथंच थांबलं. आज धाकटी हॉस्पिटलच्या रस्त्यानं गाडी परत आणत होती आणि तिला सारखं वाटत होतं, मध्येच कुठंतरी एखादा चार्जर उगवावा आणि ही वेळ टळावी.

थोरलीच्या फाटकाशी ती थांबली. थंडीमुळं शाळांना सुट्टी होती. थोरली पोर्चमध्येच होती, बाह्या सारलेल्या, हातात कपड्यांची बादली.

"वहिनी," काच खाली करून धाकटी म्हणाली. पुढचं वाक्य तिनं वाटेत चांगलं जुळवलं होतं, ते कुठं गेलं कोण जाणे. "बाबा मशीनवर आहेत. तळावरचा चार्जर बंद आहे. मला वर जाता येणार नाही."

थोरलीनं गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बादली खाली ठेवली आणि फाटकाचा दुसरा पल्ला उघडला.

"आत घे. उजवीकडे कुंडी आहे, सांभाळून."

पोर्चमध्ये प्लग एकच, आणि त्यावर वॉशिंग मशीन घरघरत होतं. आत चादरी फिरत होत्या.

"हे होऊ दे की आधी," धाकटी म्हणाली.

"ते तासभर चालेल. तेवढा वेळ आहे तुझ्याकडे?"

धाकटीनं नकारार्थी मान हलवली. थोरलीनं सरळ मशीनचा प्लग ओढून काढला. धाकटीनं डिकीतून चार्जिंगची केबल काढून जोडली. गाडीच्या पुढचा बारीक हिरवा दिवा लुकलुकायला लागला. चादरी काढायला मशीनचं दार उघडलं तसं मात्र साबणाचं पाणी गळायला लागलं आणि मग दोघींना काम पुरलं.

चादरी ओल्या, जड, बर्फासारख्या गार. एकटीनं पिळता येण्यातल्या नव्हत्या. थोरलीनं एक टोक धरलं, दुसरं न बोलता पुढं केलं. दोघींनी उलट दिशांना पीळ दिला. पाणी पोर्चभर झालं. दुसऱ्या चादरीला थोरलीच्या हातातून टोक निसटलं, पीळ सुटला, आणि चादरीचा ओला फटकारा धाकटीच्या अंगावर बसला. साबणाचं पाणी तिच्या केसांपर्यंत गेलं.

थोरली एकदम कावरीबावरी झाली. "अगं, मुद्दाम नाही हं केलं."

ते "मुद्दाम नाही" इतक्या काकुळतीनं आलं, की धाकटीला हसू आवरेना. मग थोरलीलाही. दोघी हसत राहिल्या आणि तिसरी चादर तशीच बादलीत पडून राहिली.

"आत ये," थोरली म्हणाली. "माझा स्वेटर देते. तू आजारी पडलीस तर त्यांना कोण आणणार?"

दुपारी दादांनी बाबांना हॉस्पिटलातून थेट घरी आणलं. दादांचं चष्म्याचं दुकान, जेवायला ते घरी यायचेच. पाठोपाठ नणंदही येऊन धडकली, नखांत माती, हातात एक रोप.

"कुणी बोलावलं नव्हतं, पण राहवेना," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

बाबांना सोफ्यावर दोन रजयांत गुंडाळलं होतं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. पाणी मोजून प्यायचं असल्यानं थोरलीनं त्यांना अर्धा कप चहा दिला. तो ते जिभेवर घोळवत पीत होते. गाडी अजून भरायची होती. घरातल्या साध्या प्लगवर वीज थेंबाथेंबानं भरते, त्यामुळं कुणाला घाई करून उपयोग नव्हता. इतक्या वर्षांत हे घर असं एकत्र बसलं नव्हतं, आणि बसल्यावर बोलणं निघायचंच होतं.

सुरुवात नणंदेनं केली. "मी तेव्हाच सांगितलं होतं. या गाड्या शहरात फिरायला ठीक. घाट चढायला नाही. आणखी दोन हिवाळे गेले की बॅटरी निम्मी होईल. मग काय करणार तू? रस्त्यात थांबशील, त्यांना घेऊन?"

"आज थांबले नाही," धाकटी म्हणाली.

"आज वहिनी घरी होती म्हणून."

"तिचं म्हणणं बरोबर आहे," दादा म्हणाले. त्यांना कुणालाच दुखवायचं नसायचं, त्यामुळं ते नेहमी शेवटी बोललेल्याच्या बाजूनं असायचे. "मला वाटतं, गाडी विकून टाक. चांगली किंमत येतेय तोवर."

"आणि फेऱ्या कशानं करू?"

"फेऱ्याच नकोत," नणंद म्हणाली. "बाबांना इथंच ठेवू. खालची खोली रिकामी आहे. हॉस्पिटल दोन पावलांवर. कशाला या वयात त्यांना डोंगर चढवायचे नि उतरवायचे?"

दादांनी बायकोकडे पाहिलं. थोरली टेबलावरच्या बशा गोळा करत होती.

"माझी हरकत नाही," दादा म्हणाले. "उलट मलाही जरा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मग धाकटीकडे वळले. "तू सांग. तू म्हणशील तसं."

सगळ्यांच्या नजरा धाकटीवर खिळल्या. तिला खूप बोलायचं होतं. बाबा सकाळी सातच्या आत मागच्या खोलीत येऊन तिच्या कवळ्या उजेडात धरून बघतात, हे सांगायचं होतं. त्यांच्याशिवाय ते घर तिला खायला उठेल, हेही. पण "बाबा माझ्याकडेच राहू देत" म्हणावं, तर त्या वाक्याला घराचा वास येणार. "इथं राहू देत" म्हणावं, तर बाबांना वाटणार की सुनेनं अंगाबाहेर टाकलं. दोन्हीकडून जीभ अडत होती. तिनं स्वेटरची बाही खाली ओढली आणि म्हणाली, "सगळ्यांना जे योग्य वाटेल ते."

"हे काही उत्तर नाही," नणंद म्हणाली.

"तिला देता येत नाही उत्तर." थोरलीनं बशा पुन्हा टेबलावर ठेवल्या. आवाज शाळेतलाच होता, पण जरा उतरलेला. "ती काहीही बोलली तरी त्यात घर दिसेल, अशी सोय मी करून ठेवलीय. आई गेल्या तेव्हा मी जे बोलले त्यानं तिचं तोंड बंद झालंय, आणि आपण तिलाच विचारतोय. मी वाईट बोलले होते. खोटं बोलले होते. आज ती दारात आली तेव्हा मला वाटलं, आता ही ऐकवणार. तिनं ऐकवलं नाही, प्लग मागितला."

दादा चष्मा काढून पुसत बसले, जो मुळात स्वच्छच होता. धाकटीला रडू आलं नाही. छातीवरचं एखादं ओझं कुणी येऊन उचलावं तसं झालं, आणि ते उचललं जाईपर्यंत ते होतं हेच ती विसरली होती.

"मला कुणी विचारणार आहे का," रजईतून आवाज आला, "का मला पार्सलच समजताय?"

"बोला ना बाबा," दादा म्हणाले.

बाबांनी कप थोरलीच्या हातात दिला. "इथं खोली चांगली आहे. थोरल्या सूनबाईनं आज मला दारात उतरवून घेतलं, ते मी विसरणार नाही. पण मी वरच राहणार. तिथं माझी माणसं आहेत, माझा कट्टा आहे. आणि दुसरं म्हणजे, मला ती फेरी हवी आहे."

"कसली फेरी?" नणंदेनं विचारलं.

"जायची-यायची. तुम्हाला वाटतं माझे हाल होतात. मशीनवर होतात, गाडीत नाही. निवृत्त झालो त्या दिवशी मला वाटलं होतं, आता घाट संपला. आता आठवड्यातून तीनदा घाट बघतो. कुठं दरड आली, कुठं नवा कठडा बांधला, सगळं कळतं. शेजारी ऐकणारा चालक आहे. चुकते थोडं, पण ऐकते." ते धाकटीकडे पाहून हसले. "मी एवढी वर्षं हजारो माणसं चढवली-उतरवली. पोचल्यावर उतरून जाताना कुणी मागं वळून बघायचं नाही, आणि मलाही त्याचं काही वाटायचं नाही, कारण माणूस सुखरूप पोचला की चालक त्याच्या ध्यानातच राहत नाही. मीही तेच करत होतो. गाडीतून उतरायचो, घरात जायचो. तर आज म्हणतो, पोरी, तू मला फार जपून नेतेस. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"बाबा, असं नका म्हणू."

"म्हणू दे की. रोज कुठं म्हणतो."

नणंदेनं नाक ओढलं. थंडीचं निमित्त होतंच. मग ती एकदम व्यवहारावर आली, ते तिला जास्त जमायचं. "बरं मग. मशीनवर चार तास लागतात ना? तेवढा वेळ गाडी इथं लावायची. त्यात चढापुरती भरते?"

"भरते," धाकटी म्हणाली. "सकाळी आल्याआल्या लावली तर हीटर लावूनही पुरते. तळावरच्या चार्जरपेक्षा कितीतरी स्वस्तात."

"झालं तर. वहिनी, तुझं वॉशिंग मशीन?"

"मशीन सोमवारी लागेल," थोरली म्हणाली. "मंगळ, गुरू, शनि गाडीचे."

"विजेचं मात्र मी देणार," धाकटी म्हणाली.

"ते नंतर भांडू."

"नाही, आत्ताच. नाहीतर मी पुन्हा टॅक्सीवाल्यांच्या रांगेत."

थोरलीनं मान डोलावली. "बरं. दे. पण रोख नको. यांच्या खालच्या दाढा हलतायत, त्यांचं काहीतरी कर."

"माझ्या दाढा कशाला मध्ये," दादा म्हणाले, आणि बाबा रजईत इतके हसले की त्यांना ठसका लागला.

गुरुवारी धाकटी आली तेव्हा पोर्चच्या भिंतीत नवा प्लग बसवलेला होता, जाड वायरचा, वर पावसाचं पाणी लागू नये म्हणून झाकण. शनिवारी शाळा सुरू झाली होती. थोरलीनं आदल्या दिवशी फोन करून घराची किल्ली शेजारी ठेवल्याचं सांगितलं होतं. धाकटीनं बाबांना सोडलं, गाडी पोर्चमध्ये आणून लावली, हिरवा दिवा लुकलुकल्याची खात्री केली आणि कुलूप उघडून आत गेली.

घर रिकामं होतं, नीटनेटकं, उबदार. गाडीची किल्ली तिनं टेबलावर ठेवली. हे चार तास तिनं कायम हॉस्पिटलच्या बाकावर नाहीतर गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून काढले होते, एक डोळा घड्याळावर, एक पडद्यावर. आता काय करायचं हेच तिला सुचेना. खालच्या खोलीतला पलंग आवरलेला होता, पायथ्याशी घडी केलेली रजई. पाच मिनिटं पाठ टेकू, म्हणून ती आडवी झाली. उशीला धुतलेल्या चादरीचा वास येत होता. आदल्या रात्री एक कवळी तिनं दोनदा घासून पुन्हा केली होती. तिचं अंग कधी सैल पडलं, ते तिलाच कळलं नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरून जमिनीवर आलं होतं. तिनं घड्याळ पाहिलं आणि धडपडत उठली. बाबा कधीचे मशीनवरून उतरले असतील. ती अनवाणीच पोर्चमध्ये धावली.

गाडी नव्हती.

क्षणभर तिला काही सुधरेना. मग चार्जिंगची केबल दिसली, नीट वेटोळं करून भिंतीच्या खुंटीला अडकवलेली. दाराशी थोरलीची शाळेची पिशवी होती. ती पिशवी पाहून धाकटी पायरीवरच खाली बसली. पायांखालची फरशी गार होती, पण उठावंसं वाटेना.

फाटकाबाहेर गाडी कधी येऊन उभी राहिली, ते तिला ऐकूच आलं नाही. स्टिअरिंगवर थोरली होती, पाठ ताठ, दोन्ही हात घट्ट, मान पुढं. शेजारी बाबा, टोपी कानांवर ओढलेली, हातानं काहीतरी समजावत असलेले. काच खाली आली.

"तिला कितीदा सांगतोय, पाय आधी उचल," बाबा म्हणाले. "ऐकत नाही. मुख्याध्यापक आहे."

"तुम्ही गप्प बसाल तर मला रस्ता दिसेल," थोरली म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "शाळेतून आले तर तू इतकी गाढ झोपली होतीस, की उठवायचं जिवावर आलं. म्हटलं, आपणच जाऊ. चपला घाल आधी. गारठशील."

धाकटीनं चपला घातल्या, घराला कुलूप लावलं, आणि किल्ली शेजारी द्यायला निघाली तेवढ्यात थोरली म्हणाली, "ती माझ्याकडे दे. आणि दाराशी माझी पिशवी आहे ती घे, त्यात कपडेही भरलेत. उद्या रविवार. यांनी आपलं जेवण आपण करावं. मी वर येते राहायला."

"आज?"

"का, जागा नाही?"

"आहे ना," धाकटी म्हणाली. "खूप आहे."

ती पुढच्या दाराकडे वळली, सवयीनं चालकाच्या बाजूला. थोरली जागची हलली नाही.

"मागं बस," ती म्हणाली. "चढ मी घेते. उस्ताद आहेत शेजारी."

धाकटी मागं बसली. स्वतःच्या गाडीची मागची सीट कशी असते, हे तिनं इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. बरीच मऊ होती. समोर दोन डोकी दिसत होती, एक टोपीतलं, एक अंबाड्याचं, आणि ती दोघं पहिल्याच वळणावरून वाद घालायला लागली होती. शहर मागं पडलं. घाट सुरू झाला तसा रस्ता उन्हात आला. धाकटीनं पडद्याकडे बघायला मान थोडी उंचावली, पण पुढच्या दोन डोक्यांआड तो दिसत नव्हता. मग तिनं मान मागं टेकली आणि खिडकीतून दरी बघत बसली.